अकरावी प्रत

"तिला तो फोटो छापू देऊ नका. तिच्या हाताला काळं उघडतं."

सासूबाईंचं हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी जिन्याच्या वळणावर होते, हातात चहाचे रिकामे कप, आणि खाली दुकानात त्या सासऱ्यांशी दबक्या आवाजात बोलत होत्या. मी तीन पायऱ्या परत वर चढले आणि कप मुद्दाम वाजवत उतरले. नव्या सुनेला एवढं तरी यायला हवं. दोघंही माझ्याकडे बघून हसले. बाबा म्हणाले, कागदाचा गठ्ठा आलाय का बघ जरा. मी बघते म्हटलं.

"तो फोटो" कोणता, हे मला विचारावं लागलं नाही. वर बैठकीच्या भिंतीवर घरातल्या सगळ्यांचे काळे-पांढरे फोटो ओळीने लावलेले आहेत आणि ओळीच्या शेवटी एक खिळा ठोकलेला होता. नुसता खिळा. लग्नाला सव्वादोन महिने झाले होते, घराचा धंदा फोटो छापण्याचा, आणि आमच्या लग्नाचा फोटो काही भिंतीवर येत नव्हता. माझी आई फोनवर दर आठवड्याला विचारायची. मी सांगायचे, छापतायत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, गिऱ्हाइकांचं आधी, आपलं काय पळून जातंय.

घर असं: पुढे दुकान, मधे स्टुडिओ, मागे छपाईची खोली, वर आम्ही. स्टुडिओत एक मोठा काळा पडदा आहे, सासऱ्यांच्या तरुणपणापासूनचा. घरातल्या प्रत्येकाचा फोटो त्याच्यासमोरच काढलेला. छपाईच्या खोलीला खिडकी नाही. भिंती, छत, टेबल, सगळं एकाच करड्या रंगाचं, कारण रंगीत भिंतीचा उजेड कागदावर पडला की डोळा फसतो. त्याच कारणाने आत जाताना अंगावर करडा एप्रन घालायचा. पहिल्या दिवशी माझ्या साडीकडे बघून नवरा म्हणाला होता, या मोरपिशी प्रकरणाने माझे सगळे प्रिंट हिरवे होतील. खोलीत एक दिवा आहे, छापलेला कागद त्याच्याखाली धरून बघायचा. बाकी अंधार, शाईचा ओलसर गोडूस वास, आणि मशीनचा आवाज. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कुणी बंद दारापाठीमागे येरझाऱ्या घालाव्यात तसा.

मला हे काम लग्नाआधीपासून येतं. एका लॅबमध्ये मी चार वर्षं हेच केलं. स्थळ बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी अभिमानाने माझा एक प्रिंट पुढे ठेवला होता. कोळशाच्या पोत्यावर बसलेलं काळं मांजर. वाईट छापलं तर कागदावर नुसता काळा डाग आणि दोन डोळे दिसतील. माझ्या प्रिंटमध्ये मांजराचा केस न् केस दिसत होता, कोळशाची धूळसुद्धा. काळोखातलं असं वेगळं दिसू लागणं, यालाच आमच्याकडे काळं उघडणं म्हणतात. सासरे खूश झाले. सासूबाईंनी मात्र तो प्रिंट पालथा ठेवला होता. मला वाटलं, मांजर आवडत नसेल.

आता या घराची एक अडचण. सगळं सामान चांगलं असूनही यांच्या प्रिंटमधलं काळं मिटलेलं असायचं. काळा कोट आणि पाठीमागचा पडदा एकच होऊन जायचे, माणसाचं डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसायचं. कारण मला दोन दिवसांत सापडलं. प्रोफाइल. प्रोफाइल म्हणजे मशीनला दिलेली शिकवणी: या कागदावर एवढ्या करड्यासाठी काळी शाई इतकी, करडी इतकी, फिकट इतकी. प्रत्येक कागदाची शिकवणी वेगळी. हे लोक सगळं एकाच जुन्या प्रोफाइलवर छापत होते. त्याचं नाव होतं 'थोरला-काळा'.

थोरला म्हणजे माझे मोठे दीर. मी त्यांना पाहिलं नाही. तीन वर्षांपूर्वी गेले, चौतिसाव्या वर्षी, हृदय बंद पडून, एवढं मला सांगितलेलं. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, खिळ्याच्या अलीकडचाच. हसरा चेहरा, आणि डावा खांदा चांगलाच उतरलेला. जन्मभर त्या खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी वागवली म्हणून, असं नवरा सांगतो.

मी एकदाच, जेवताना, सहज म्हटलं की नव्या कागदासाठी नवं प्रोफाइल करून बघू का. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. बाबा म्हणाले, थोरल्याने केलंय तेच राहू दे, पोरी. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. विषय संपला. मी फार बोलणारी नाही, नवरा मला मुकी म्हणतो, पण मुकी माणसं गप्प बसतात म्हणजे ऐकतात असं नाही.

ते जिन्यावरचं वाक्य ऐकल्यावर तर माझं ठरलंच. माझ्या हाताला काळं उघडतं? उघडू दे की. त्यासाठीच तर आणलीत ना मला.

एका दुपारी सासूबाई झोपल्या होत्या आणि बाप-लेक बाहेर शूटिंगला गेले होते. मी एकवीस चौकोनांची पट्टी छापली, पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत. ती दिवसभर वाळू दिली, कारण ओली शाई खोटं बोलते. कागद वाळला की काळं खरं काय आहे ते कळतं. दुसऱ्या दुपारी साबणाच्या वडीएवढं मोजयंत्र एकेका चौकोनावर तीन-तीनदा टेकवून आकडे घेतले. नवं प्रोफाइल झालं. आता ते ठेवायचं कुठे? नव्या नावाने ठेवलं असतं तर यादीत दिसलं असतं, मग प्रश्न, मग सासूबाईंचा थांबलेला हात. म्हणून मी ते जुन्याच नावाने ठेवलं. संगणकाने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मी होय म्हटलं. या घरात प्रश्न विचारण्यापेक्षा फाइल बदलणं सोपं होतं.

जुन्या फाइलची प्रत काढून ठेवायला हवी होती. चार वर्षं मी दुसऱ्यांना हेच शिकवत आले होते.

चार-पाच दिवस गिऱ्हाइकांचे फोटो त्याच्यावर निघाले. सुंदर निघाले. बाबा दिव्याखाली एक धरून म्हणाले, हा कागद बरा दिसतोय. मी मान खाली घालून कडा कापत राहिले. मग आमच्या लग्नाची फाइल काढली. काळ्या पडद्यासमोर आम्ही दोघं, मी खुर्चीत, तो उजवीकडे उभा. नवरा पुढे दुकानात होता. मी एक प्रत छापली.

फोटो असा निघाला की मी स्वतःशीच हसले. त्याच्या काळ्या कोटाची बटणं, माझ्या केसांतली वळणं, पाठीमागच्या पडद्याच्या चुण्या. पडदा दिसत होता... पडदाच, दुसरं काही नाही. मी तो कागद वाळायला कपाटातल्या जाळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, मी तो दिव्याखाली धरला.

पडद्याच्या चुण्यांत कुणीतरी उभं होतं.

फार मागे. स्टुडिओची खोली जेवढी लांब नाही तेवढं मागे. उंच, चेहरा नसलेलं, काळ्यात एक पायरीभर कमी काळं. मी आधी माझाच दोष धरला. शाई नीट बसली नसेल, कागदात सुरकुती असेल. संगणकावर फाइल उघडली, अंधार होईल तेवढा उजळला. तिथे काही नव्हतं. त्या जागेवरचे आकडे बघितले: चार, चार, चार, चार. सपाट काळं. जे फाइलमध्ये नाही ते कागदावर येऊ शकत नाही. एवढं माझं चार वर्षांचं ज्ञान सांगत होतं.

मी दुसरी प्रत काढली. कसब असलेल्या माणसाचा हा रोग असतो, चूक दिसली की परत करून बघायचं. तीही ओली असताना स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी वाळली, तेव्हा तो एक पाऊल पुढे आलेला होता. आणि आता खांदे दिसत होते. उजवा सरळ, डावा उतरलेला.

मी किती वेळ दिव्याखालच्या स्टुलावर बसले ते सांगता येत नाही. मशीन बंद होतं. तरी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, येरझाऱ्यांचा आवाज येत होता... की तो माझ्याच कानातला असेल. बाहेरून नवऱ्याने हाक मारली, अगं, कात्री कुठे ठेवलीस? मी दोन्ही प्रती रिकाम्या कागदाच्या खोक्यात तळाशी घातल्या आणि कात्री घेऊन बाहेर गेले. कात्री त्याच्या हातात दिली. त्याचा खांदा बघितला. नुसता खांदाच होता.

गिऱ्हाइकांच्या प्रती मी एकेक तपासल्या. कशातही काही नव्हतं. फक्त आमच्यात.

मी जुनं प्रोफाइल परत ठेवायचं ठरवलं आणि मगच माझ्या लक्षात आलं की जुनं आता कुठेच नाही. मी ते पुसलं होतं. माझ्या स्वतःच्या बोटाने, होय म्हणून. तसलं दुसरं करून बघायला मी बसले, पण काळं इतकं मिटवायचं कसं, तेच मला येत नव्हतं. माझे हात उलटं शिकलेले. काहीही केलं तरी कुठूनतरी एक फट राहायची.

सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज सासूबाई पोळ्या लाटताना मधेच माझ्याकडे बघून काहीतरी विचारायच्या बेताने थांबायच्या, आणि मी तेवढ्यात कपडे वाळत घालायला जायचे. मी स्वतःला म्हणत राहिले, मी काही आता तो फोटो छापणार नाही, मग काय होणार आहे?

मी छापणार नव्हते. बाकीच्यांचा विचार मी केलाच नाही.

गेल्या रविवारी दुपारी सासूबाई मला म्हणाल्या, चल, चष्म्याचं दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येऊ. एरवी त्यांना माझी सोबत लागत नाही. दुकानात त्यांनी चष्म्याची एक काडी बदलायला पाऊण तास घेतला. परत येताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या की त्यांचं माझ्याशी जरा चुकलंच, आज घरी माझ्यासाठी काहीतरी आहे. त्या कधी असं बोलत नाहीत. मला बरं वाटलं. खरंच, आमच्या दुकानाच्या दारापर्यंत मला फार बरं वाटत होतं.

दारातच मशीनचा आवाज आला. डावीकडून उजवीकडे.

बाबा आणि नवरा छपाईच्या खोलीत होते. दोघांच्या अंगावर करडे एप्रन, दोघांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू. मशीनच्या तोंडातून आमच्या लग्नाचा फोटो हळूहळू खाली उतरत होता. आधी त्याचं कपाळ, मग माझे केस. टेबलावर तयार प्रती ओळीने मांडलेल्या. ओल्या, स्वच्छ, सुंदर.

"बस," बाबांनी माझ्याकडे स्टूल सरकवलं. "तू मनात काय काय धरून बसली असशील. आज सांगून टाकतो."

ते सांगत होते आणि मशीन चालू होतं. थोरल्याने काळ्या पडद्यासमोर स्वतःचा एक फोटो काढला होता. त्याच्याही हाताला काळं उघडायचं, माझ्यापेक्षा जास्तच. वाळलेल्या प्रतीत त्याला पाठीमागे कुणीतरी दिसलं. ओळख पटेना म्हणून तो छापत गेला. दर प्रतीत ते माणूस एक पाऊल पुढे यायचं. सातव्या-आठव्या प्रतीला त्याने ओळखलं. त्याचे काका होते, बाबांचे भाऊ, आधीच्या वर्षी गेलेले. घरातल्याच माणसाच्या मागे घरातलंच कुणीतरी. दहावी प्रत वाळली तेव्हा थोरला घाबरला. रात्रंदिवस बसून त्याने ते प्रोफाइल केलं, काळं पार मिटवणारं. आईबाबांकडून वचन घेतलं की यापुढे घरातलं माणूस छापायचं तर याच्यावरच. त्याच्यावर छापलं तर काही होत नाही. मिटलेल्या काळ्यातून वाट मिळत नाही.

"मग शेवटचं एकदा बघतो म्हणाला," सासूबाई हळू बोलल्या. "जुन्या पद्धतीने. एकच. मी नको म्हटलं होतं..."

पुढचं बाबांनीच पुरं केलं. अकरावी प्रत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो याच दिव्याखाली, याच स्टुलावर सापडला, प्रत मांडीवर. प्रतीत काकांचा हात त्याच्या खांद्यावर होता.

मी स्टुलावरून उठले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"म्हणून ही भीत होती," बाबा सासूबाईंकडे मान करून म्हणाले. "तू आपल्या पद्धतीने छापशील म्हणून. मी म्हटलं, उगाच त्या पोरीला किती दिवस झुरवायचं? आपणच छापू, थोरल्याच्या प्रोफाइलवर. मीच निवडलं यादीतून, दोनदा बघून. तुझ्या आईला एक, मावश्यांना, मामांना, आणि एक आपल्या खिळ्यावर. नऊ प्रती."

नऊ.

खोक्याच्या तळाशी माझ्या दोन.

मी टेबलावरच्या प्रती मोजल्या. आठ. नववी मशीनमधून निम्मी बाहेर आली होती. आता दोघांचे खांदे उतरत होते. मी हात पुढे केला. बटण तिथेच होतं, वीतभर अंतरावर. पण छापखान्यात काम केलेल्या माणसाचा हात चालू मशीनला थांबवायला धजत नाही, कागद फाटेल, शाई सांडेल, ही भीती हाडात भिनलेली असते. आणि मी विचार करत राहिले की अर्धी प्रत ही प्रत धरायची का. तेवढ्यात शेवटची पट्टी छापून झाली, कागद मोकळा झाला आणि बाबांनी तो दोन्ही हातांनी अलगद उचलला.

मशीन थांबलं.

"बघ," ते म्हणाले, "डोळे भरून बघ. उद्या वाळला की लावू."

नवरा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. डाव्या हाताने तो आपला उजवा खांदा चोळत होता.

"काय झालं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. दुपारपासून भरून आलाय. मुकीने रात्री अंगावर डोकं ठेवलं असेल, जड डोकं आहे." तो माझ्याकडे बघून हसला. मग कपाळावर आठी घालून त्याने मान वळवली, मागे, दाराकडे. तिथे कुणी नव्हतं. "एसी वाढवलाय का कुणी? थंड लागतंय इथे."

कुणीच वाढवला नव्हता. त्याच्या एप्रनला उजव्या खांद्यावर चार बारीक चुण्या पडल्या होत्या, कापड वरून कुणी हलकेच दाबल्यासारख्या. त्याने हात काढून घेतल्यावरही त्या तशाच होत्या. सासूबाईंना त्या दिसल्या. बाबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मशीन बंद होतं, आणि मला येरझाऱ्या ऐकू येत होत्या, आणि या वेळी सासूबाईंनीही मान वर केली. त्यांचे ओठ हलले. थोरल्याला त्या घरात जी हाक मारायचे, ती हाक, आवाजाशिवाय.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. तिघांनीही बघितलं. कपडे वाळत घालायला जायला आता जागा उरली नव्हती. मी नवऱ्याचा हात धरला, घट्ट, खांद्यापासून लांब, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात मोठ्याने बोलले.

"आई, बाबा... ते नाव फक्त थोरल्यांचं आहे. आतली फाइल माझी आहे. आणि ही नववी प्रत नाही."